एकदाच चुकलेला टॅकल

२००५ साली अमेरिकेतल्या कॅरी गावात आम्ही ऑफिसमधली मंडळी रविवारी सकाळी पार्कात फुटबॉल खेळायचो. तिथे साठीचा एक इंग्रज यायचा. तरुणपणी तो इंग्लंडमध्ये व्यावसायिक बचावपटू होता. आता दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून लंगडत चालायचा.

एकदा मी बॉल घेऊन सुसाट निघालो आणि तो टॅकल करायला, म्हणजे पायातला बॉल काढून घ्यायला, गवतावरून घसरत आडवा आला. बॉल गेला, मी तोल जाऊन आपटलो. पण त्याचा बूट मला लागलासुद्धा नव्हता! त्याने आधी माझी नडगी चाचपली, मग हात दिला.

"इतकं अचूक कसं जमतं?" मी थक्क होऊन विचारलं.

"एकदा चुकलो होतो," तो म्हणाला. "ज्याचा पाय मोडला, तो माणूस पुन्हा कधीच खेळला नाही. त्यानंतर मी दहा वर्षं खेळलो. लोक मला कसाई म्हणत राहिले, पण माझ्यामुळे पुन्हा कुणाचा पाय मोडला नाही."

तो लंगडत गोलपुढे जाऊन उभा राहिला. पुढचा बॉल मिळताच मी थेट त्याच्याच अंगावर धावलो, अगदी निर्धास्त.