दाजींनी हॉटेल वाढवलं

श्री. सदाशिव तेरसे, म्हणजे सातेरीत जेवणाऱ्या आपल्या साऱ्या जुन्या मेंबरांचे दाजी, यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवाच्या पुस्तकात भांडण कशाला, असं कोणी म्हणेल. पण जे झालं ते झालं.

मी मूळचा कराडकडचा. लढाईच्या दिवसांत भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर लागलो आणि मुलुंडला खोली घेऊन राहिलो. कोणीतरी सांगितलं, पाच रस्त्याजवळच्या सातेरी उपाहारगृहात घरच्यासारखं जेवण मिळतं. गेलो. पुढ्यात बांगड्याची आमटी आली. एक घास घेतला आणि तोंड वाकडं करून मी मोठ्याने म्हणालो, "अहो, यात खोबरंच खोबरं! ही आमटी आहे का खीर?"

बाकांवरचे सगळे हात थांबले. भाताचं पातेलं घेऊन फिरणारे दाजी वळले.

"खयचो रे तू?"

"कराडचा."

"तरीच! तुमच्याकडे नारळ नुसतो देवापुढे ठेवतत काय रे?"

जो तो हसायला लागला. मला राग आला, मी उठायला गेलो. दाजींनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "आमका काय व्हया ता बोल. पण ताटावरसून उठू नको," एवढंच बोलून ते आत गेले. आतून काहीतरी ठेचल्याचा आवाज आला आणि दाजी केळीच्या पानाच्या तुकड्यावर हिरव्या मिरचीचा खर्डा घेऊन आले. "घे. खीर तिखट करून खा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा माझ्या ताटाशी खर्डा मागितल्याशिवाय हजर होता. हॉटेल होतं तोवर तो तसाच येत राहिला. काटे कसे काढायचे तेही मला दाजींनीच शिकवलं. महिनाभर शेजारी उभे राहून, लहान पोराला शिकवावं तसं. आता मी बांगडा असा खातो की मांजरालासुद्धा मागे काही उरत नाही.

पुष्कळ हॉटेलवाले गल्ल्यावर बसून राज्य करतात. दाजी गल्ल्यावर बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. भात स्वतः वाढायचा, हा त्यांचा नेम. वाढताना "वाढू का?" असं ते कधी विचारत नसत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "इचारला की माणूस नको म्हणता. भूक आसली तरी लाज आडवी येता. वाढूचा, नि मगे तेच्या तोंडाकडे बघूचा." रेशनच्या दिवसांत भात पुरत नसे. तेव्हा ते आमटी दोनदा फिरवत आणि तिसऱ्यांदा नुसत्या गोष्टी. लोक तेवढ्यावर हात धुऊन उठत, पण कुरकुर करत नसत.

माझी शाळा चौथीच्या आत संपलेली. चार अक्षरं येत होती, तीही गंजलेली. दाजींच्या दाराशी एक फळा असे, त्यावर रोजचे पदार्थ लिहायचे. एके दिवशी त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी लिहिलं, 'ऊसळ-पाव'. आमच्यातले एक शिकलेले मेंबर फळ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "दाजी, हा कोण विद्वान? उसळीतला उ ऱ्हस्व असतो!"

मी कानापर्यंत लाल झालो. दाजी भात वाढता वाढता म्हणाले, "मुद्दाम तसा लिवलेला आसा. दीर्घ ऊ म्हणजे आज रस्सो जास्त!"

सबंध हॉटेल हसलं, पण माझ्यावर नाही. दिवसभर लोक येऊन 'दीर्घ उसळ' मागत होते. फळा मात्र माझ्या हातून सुटला नाही. रोज लिहायचं, चुकायचं, कोणीतरी टोकायचं, पुसून पुन्हा लिहायचं. आज हा लेख मी माझ्या हाताने लिहितो आहे, तो त्या खडूच्या पुण्याईने. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर वाचकांनी रस्सा जास्त आहे असं समजावं.

दाजींचं नाव घेतलं आणि त्यांच्या पत्नीचं, आपल्या काकींचं, राहिलं असं होऊन चालणार नाही. वाढणारे हात दाजींचे, पण रांधणारे काकींचे. हॉटेलाच्या मागेच त्यांचं बिऱ्हाड. मधे एक दार, आणि त्या दारापलीकडे चूल. पहाटे उसळीची फोडणी, दुपारी भात नि आमटी, संध्याकाळी भजी. चूल निवायची म्हणून नाही. वर्षानुवर्षं तो धूर काकींच्या छातीत गेला. आधी नुसता खोकला होता, मग दमा झाला. थंडी पडली की काकींना आडवं होता येत नसे. उशा टेकून बसल्या बसल्याच उजाडायचं.

डॉक्टरांनी सांगितलं, चुलीपासून लांब ठेवा. दाजींनी आचारी ठेवून पाहिला. पण फोडणीचा चर्र आवाज कानांवर आला की काकी उठायच्याच. "मोहरी करपता रे!" म्हणत आत. दाजी ओरडायचे, आचारी रुसायचा, काकी दाराला धरून धापा टाकत उभ्या. हॉटेल चालू आहे तोवर ही बाई बसणार नाही, हे दाजींना कळून चुकलं.

याच सुमारास मी भावाच्या लग्नासाठी गावी गेलो होतो. लग्नाला मुलुंडच्या एका किराणा दुकानात नोकरीला असलेला आमच्याकडचा माणूस आला. मी पहिलं दाजींचं विचारलं. तो म्हणाला, "तुम्हांला कळलं नाही? दाजींनी हॉटेल वाढवलं."

मला अस्मान ठेंगणं झालं! शेजारच्या सायकलवाल्याचा गाळा घ्यायचा, असं दाजी दोन वर्षं म्हणत होते. म्हटलं, घेतला एकदाचा. आता मोठ्या हॉटेलाला शोभेल असं काय न्यावं? गुळाची अख्खी ढेप घेतली. मुलुंड स्टेशनावर उतरलो तो ढेप खांद्यावर घेऊन थेट सातेरीवर.

दाराला फळ्या लावलेल्या. मला वाटलं, आत गवंडीकाम चाललं असेल. मागच्या दाराने गेलो. काकी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. दाजी खाली बसून तांदूळ निवडत होते, दोघांपुरते, एका लहानशा ताटात.

ढेप खाली ठेवून मी म्हणालो, "काय दाजी! वाढवलंत म्हणे! किती टेबलं मावली?"

दाजींनी मान वर केली. मग मधलं दार ढकलून म्हणाले, "सगळी मावली. बघ."

आत सगळी टेबलं एकावर एक रचलेली. बाक भिंतीशी उलटे टाकलेले. माझा फळा, कोरा, वरच्या टेबलावर आडवा.

काकींना आधी हसू फुटलं. "अरे खुळ्या, दुकान बंद केला असा म्हणूचा नसता. वाढवला म्हणतत!" आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. दाजी पाठीवरून हात फिरवत राहिले. खोकला थांबायला फार वेळ लागला.

नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. एवढं मला ठाऊक नव्हतं का? पण माणसाचा कान त्याला हवं तेच ऐकतो. माझ्यामागून आणखी दोन मेंबर पेढे घेऊन आले, तेही असंच ऐकून. दाजींनी कोणाला परत पाठवलं नाही. तो दोघांपुरता तांदूळ वाढवून त्यांनी आम्हा सगळ्यांना आमटीभात वाढला. आमटी त्यांनी स्वतः केली होती. खोबरं कमी पडलं होतं आणि ते मला कळलं. खोबऱ्याला खीर म्हणणारा मी, त्या दिवशी खोबऱ्यावाचून माझा घास अडकला.

सातेरीच्या जागी आता एक चकचकीत हॉटेल आहे. दादरला, माटुंग्याला शाखा आहेत, अशी पाटी आहे. संगमरवरी टेबलं, गरम इडली, कॉफी झकास. मी त्यांना नावं ठेवणार नाही. स्वच्छता आमच्यापेक्षा जास्तच आहे. पण तिथला माणूस विचारतो, "और कुछ?" आणि आपण नाही म्हटलं की खरोखरच निघून जातो. घाटकोपरला स्टेशनासमोर इराण्याचं एक कोपऱ्यातलं दुकान होतं, ते गेलं. अंधेरीला माझे मामा मला जिथे गुळात घोळवलेला खाजा खायला घालायचे, ती मालवणी बाईची टपरी गेली. जागा राहतात, दुकानंही लागतात. आपलं नाव घेऊन हाक मारणारं कोणी राहत नाही.

दाजी-काकी आता डोंगराच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. हवा बरी आहे. मी रविवारी जातो. एकदा गेलो तर दाजी उभ्यानेच, ताट हातात धरून जेवत होते. काकी मला म्हणाल्या, "बघितलंस? इतकी वर्सां झाली, ह्येंका बसान जेवताना मी कधी बघूकच नाय. लोक जेवले की उभ्यानंच दोन घास. आता वेळ आसा, तर बसूक येणा नाय."

"सवय गो," दाजी म्हणाले.

"सवय काय! माझ्यापायी हॉटेल घालवलास. आता माझ्यासमोर बसान जेव तरी."

दाजींनी ताट खाली ठेवलं. पाट ओढला आणि बसले, काकींच्या समोर. दोन घास खाऊन त्यांचा हात पातेल्याकडे गेला आणि त्यांनी काकींच्या ताटात भात वाढला. विचारलं नाहीच. काकींना दम लागत होता तरी त्यांनी तो खाल्ला. इतक्या वर्षांचा संसार, आणि ती त्या दोघांची समोरासमोरची पहिली पंगत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दाजींची साठी आली म्हणून आपण मंडळींनी हे पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा विचारायला मलाच पाठवलं. दाजींनी आधी ना ना केलं. मग म्हणाले, "लिवा. पण माका शतायुषी-बितायुषी लिवशात तर याद राखा. शंभर वर्सां घेऊन मी काय करू?"

"मग काय लिहू, दाजी?"

त्यांनी आत पाहिलं. काकींचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. भाता ओढल्यासारखा, दर खेपेला कुठेतरी अडणारा. दाजी आवाज खाली आणून म्हणाले, "ही थंडी तिका सुकाची जाऊ दे म्हणान लिव. एकच. होळीपर्यंत. पुढचा मगे बघू."

म्हणून, दाजी, तुमच्या आज्ञेप्रमाणे लिहितो. तुमच्या साठीनिमित्त आम्ही सर्व जुने मेंबर श्री सातेरी देवीकडे एकच मागणं मागतो. यंदाची थंडी काकींना सुखाची जावो. त्यांना आडवं होऊन झोप लागो, आणि सकाळी उठल्यावर तुमच्यावर ओरडायला पुरेसा दम राहो. त्यांच्यापुढे पाटावर बसायला तुमचे गुडघे धड राहोत. होळी झाली की मी पुन्हा देवीपाशी जाईन आणि पुढची थंडी मागेन. अशी एकेक थंडी मागायची वेळ आम्हांवर पुष्कळ वर्षं येवो.