साडेतीन बोटं

मिल्टन कीन्सच्या एका सेल्समननं मला फसवलं. मला, म्हणजे ज्यानं उभ्या आयुष्यात पावती वाचल्याशिवाय खिशात टाकलेली नाही अशा माणसाला.

मी बेसिंगस्टोकला राहतो. इथल्या बिझनेस पार्कमधलं एखादं ऑफिस हललं की त्यांची टेबलं, खुर्च्या, कपाटं मी उचलतो आणि दुसरीकडे विकतो. आलो होतो आयटीच्या नोकरीवर. ती गेली तेव्हा ज्या खुर्चीवर बसायचो तीच कंपनीकडून विकत घेतली आणि दुप्पट किमतीला विकली. तेव्हापासून घासाघीस हाच माझा धंदा. समोरचा भाव सांगताना कुठं बघतो, यावरून तो किती खाली येईल ते मला कळतं. एवढं असूनही त्यानं मला फसवलं.

झालं असं. जुलैमध्ये लेकीचा एडिनबराला पदवीदान समारंभ होता आणि त्यासाठी आई सांगलीहून आली होती. तिच्या गुडघ्यांना तासभरही नीट बसवत नाही आणि परक्या बाथरूमचा तिला धसका. म्हणून मी कॅरॅव्हॅन घेतली. लांबलचक, चार चाकांची, आत कायमचा पलंग, शॉवर, गॅसची शेगडी. आईनं आत जाऊन शेगडी पेटवून पाहिली, पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "अरे, आपल्या पहिल्या खोलीपेक्षा मोठी आहे ही! मी यातनंच जाणार. झोपून."

आता ती ओढणार कोण? आमच्या कारचं ते काम नव्हतं. पिकअपच हवी होती, आणि ती शोधायचे ते सहा आठवडे मी एखाद्या पोरासारखा खूष होतो. रोज संध्याकाळी जाहिराती, शनिवारी टेस्ट ड्राइव्ह. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात. आणि या ट्रकला सहा आठवडे?"

"तुला काही ओढायचं नव्हतं," मी म्हणालो.

"अजून ओढतेच आहे," ती म्हणाली.

कॅरॅव्हॅन ज्याच्या यार्डातून घेतली, त्या म्हाताऱ्यानं मला एकच गोष्ट शिकवली होती. जाहिरातीवर जाऊ नकोस, बॉनेट उघड. आत एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावरचा पहिला आकडा म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन, दुसरा म्हणजे गाडी आणि मागचं ओझं मिळून. वजाबाकी कर, उरेल तेवढंच ओढायचं. आमची कॅरॅव्हॅन भरून पावणेतीन टन. त्याप्रमाणे मी चार पिकअप तपासल्या, चारही नापास केल्या.

पाचवी मिल्टन कीन्सला होती. गडद निळी, उंच, पाच माणसांची, मागे मोठा हौदा. मागच्या सीटवर आई, शेजारी सेल्समन आणि समोर त्या गावाचे न संपणारे राउंडअबाउट. एकेका राउंडअबाउटला गाडी अशी वळायची की मला हसू आवरेना. आई मागून ओरडली, "अजून एक फेरी मार रे!" मी मारली. पूर्ण गोल.

परत आल्यावर मी त्याला कॅरॅव्हॅनचा फोटो दाखवला आणि विचारलं, ही ओढेल? किती टन ओढते?

त्यानं हात वर केला. तीन बोटं ताठ, चौथं अर्धं दुमडलेलं. "साडेतीन," तो म्हणाला. "हिच्यामागे घर बांधलंत तरी नेईल."

मग आम्ही भावावर आलो. काय सांगू, अशी घासाघीस वर्षानुवर्षांत झाली नव्हती. मी उठून गेलो, दारातून परत आलो. तो मॅनेजरकडे गेला, परत आला. मागे कॅरॅव्हॅन जोडायचा टोबार फुकट मागितला, दिला. रबरी मॅट्स मागितल्या, दिल्या. टाकी भरून मागितली, तीही दिली. प्रत्येक गोष्ट मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतली, खाली सही घेतली. समोरचा इतक्या सहज देतो तेव्हा थांबायचं असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. पण मी जिंकत होतो. आणि बॉनेट उघडायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरासमोर पूजा. चाकांखाली लिंबं, आरशाला हार. आई हळदीकुंकू घेऊन उभी. "यंत्र कुठाय? कुंकू यंत्राला लावायचं." माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, खंडेनवमीला ती असंच करायची. मी बॉनेट उघडलं. आईला सगळ्यात स्वच्छ जागा दिसली ती पत्र्याची पट्टी. तिनं तिच्यावर बोट टेकलं आणि मी त्या बोटाखालचे आकडे वाचले. तीन टन. साडेपाच टन.

म्हणजे ओढायला अडीच. पाव टन कमी.

बायकोनं नारळ तसाच हातात धरला. "फोडू का ठेवू?"

"फोड," मी म्हणालो. "नाहीतर मी त्याचं डोकं फोडीन."

दोन तासांत आम्ही तिघं मिल्टन कीन्सला होतो. तो अजिबात गडबडला नाही. साडेतीन टनांचं मॉडेल वेगळं, हे अडीचचं, मी साडेतीन म्हणालोच नाही, कागदावर दाखवा. मी कागद काढला. कागदावर मॅट्स होत्या. टोबार होता. भरलेली टाकी होती. टन नव्हते. मी आवाज चढवला, त्यानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजर म्हणाला, परत घेऊ, पण विकली त्या किमतीला नाही.

आईला इंग्रजी येत नाही. ती खुर्चीतून उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला. तीन बोटं ताठ, चौथं अर्धं. तो लालबुंद झाला. मॅनेजरनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "माझ्यावर सोडा, मी कळवतो."

त्याला तीन महिने झाले.

समारंभ चुकला नाही. पिकअपनंच गेलो, कॅरॅव्हॅनशिवाय. आई पुढच्या सीटवर गुडघे दाबत बसली, हायवेवरच्या दर थांब्याला उतरून कण्हत चालली. नातीचं नाव पुकारलं तेव्हा मात्र सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तिच्या. पण स्वतःच्या पलंगावर झोपून ती गेली नाही. कॅरॅव्हॅन अजून दारात आहे. दुपारी आई तिच्यात जाऊन चहा करते, आडवी होते आणि मला विचारते, "त्यानं कळवलं का रे?"

पुढच्या महिन्यात तिचा व्हिसा संपतो. मॅट्स उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मला पैसेही नकोत. त्या माणसानं माझ्या दारात यावं, कॅरॅव्हॅनच्या पायरीवर माझ्या आईसमोर उभं राहावं, तोच हात पुन्हा वर करावा आणि सांगावं, ही साडेतीन बोटं त्यानं दाखवली होती की नाही.