शेवटचं प्रकरण

पेण-रोहा एसटीत माझ्या शेजारी बसणारे हे गृहस्थ रोह्याच्या एका कंपनीत कारकून होते आणि पोस्टाने समाजकार्यातली डॉक्टरेट करत होते. घराच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ला जागा सोडून ठेवली होती. विषय होता मिठागर कामगारांची दारू. दर रविवारी खाडीकाठच्या गुत्त्यावर जाऊन ते पिणाऱ्याला विचारायचे, “पहिल्या घोटाला मनात नेमकं काय येतं? सावकाश सांगा, घाई नाही.” माणसाची उतरायची, पण यांचे प्रश्न संपायचे नाहीत. हळूहळू गुत्ता ओस पडला.

“पिणारेच उरले नाहीत हो,” ते रडकुंडीला येऊन म्हणाले. “आता आहे तेवढ्यावरच संपवतो.”

तेवढ्यात गडबच्या थांब्यावर चढलेली एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “भाऊ, तुमच्या भ्यानं माझा नवरा पीत नाय. तुमचा अभ्यास संपला का परत जाऊन बसंल. संपवू नका.”



पुढे कितीतरी वर्षं, प्रबंध कुठवर आला विचारलं की म्हणायचे, “शेवटचं प्रकरण चाललंय. घाई नाही.” पाटीवरची जागा तशीच राहिली. आणि दर रविवारी ते त्या रिकाम्या गुत्त्यात एकटेच जाऊन बसायचे.