ओळखीची धाप

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक आजोबा रोज दुपारी नातीच्या स्कूलबसची वाट पाहत उभे असायचे. मी त्याच वेळी जेवणाचं पार्सल घ्यायला खाली उतरायचो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. शर्टाच्या उघड्या गळ्यातून छातीवरच्या ऑपरेशनचा व्रण दिसायचा. बस थांबली की नात दारातूनच दप्तर पुढे करायची. ते खांद्याला अडकवून आजोबा तिला थेट लिफ्टकडे न्यायचे. खाली खेळायचा प्रश्नच नव्हता. पार्किंगमध्ये चेंडू दिसला की आमची कमिटी दंड लावते.

एकदा लिफ्ट बंद पडली. जिन्यात मी त्यांच्या मागेच होतो. आजोबा दप्तर घेऊन सावकाश चढत होते. दुसऱ्या मजल्यावर ती दहा वर्षांची मुलगी मात्र कठडा धरून मटकन खाली बसली.

"लहान आहे, होईल सवय," मी म्हणालो.

तिच्या धपापणाऱ्या पाठीवर आजोबांनी हात ठेवला आणि काढलाच नाही.

"अहो, ही धाप माझ्या ओळखीची आहे. बायपासच्या आधी मला लागायची. पण मला तिथवर पोचायला साठ वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. नातीने नेहमीसारखं दप्तर पुढे केलं. आजोबांनी हात पुढे केला नाही. दप्तर खाली पडलं आणि ती रडायला लागली.  मग आजोबा वाकले, दप्तराची धूळ झटकली आणि ते खांद्याला अडकवलं.

दोघं लिफ्टपाशी आले तेव्हा दार मीच धरून ठेवलं होतं.