बंद रीडर आणि दादाची मेंढरं

लॅपटॉप मुलाचाच होता. पुण्यात कंपनीनं त्याला नवीन दिला, तेव्हा जुना त्यानं आमच्याकडे जुन्नरला आणून ठेवला. कॅमेराही त्याचाच. मोबाइलमध्येच चांगले फोटो निघायला लागल्यावर तो कपाटात पडून होता. मी नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हा "पप्पा, तुमचा वेळ जाईल" म्हणून त्यानं तोही मला दिला. कॅमेऱ्याची केबल लावायची जागा मोडलेली होती, त्यामुळं फोटो बघायचे तर आतलं कार्ड काढून लॅपटॉपच्या कडेच्या फटीत घालावं लागायचं. कार्ड आत सरकलं की बारीक आवाज व्हायचा आणि फोटोंची खिडकी उघडायची. लॅपटॉपमधलं तेवढं एक काम मला कुणाला न विचारता जमायचं.

फोटो बहुतेक मेंढरांचे असायचे. आमचं घर मूळचं लोणीचं. वडील, चुलते, सगळे मेंढरांमागं फिरलेले. मी शिकलो, सरकारी खात्यात कारकून झालो आणि जुन्नरला घर केलं. माझ्या चुलत भावानं मेंढरं सांभाळली. तो वयानं मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून तो लोणीहून निघायचा आणि जुन्नरवरून मढपर्यंत जाऊन घाट उतरून कोकणात जायचा. पावसाच्या तोंडावर परत. वाटेत लेण्याद्रीच्या बाजूचे शेतकरी खतासाठी त्याची मेंढरं रानात बसवून घ्यायचे. तेवढे दिवस माझं जेवण घरी कमी आणि दादाच्या तीन दगडांच्या चुलीपाशी जास्त व्हायचं.

मुलगा लहान होता तेव्हा त्यालाही शाळा सुटली की तिकडंच जायचं असायचं. दादा त्याला खांद्यावर घेऊन मेंढरांतून फिरवायचा. थंडी वाजली की स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर टाकून आपण शेकोटीजवळ बसायचा. एकदा पोरगा तापानं फणफणला, तर दादा त्याला पाठीवर घेऊन लेण्याद्रीहून जुन्नरच्या दवाखान्यापर्यंत चालत आला. मी ऑफिसात होतो. मला संध्याकाळी कळलं.

मग एका वर्षी दिवाळीला मुलगा घरी आला आणि लॅपटॉप उघडून बसला. "पप्पा, ही सिस्टीम आता जुनी झाली. ह्याला पुढं अपडेट येणार नाहीत. कुणी व्हायरस घातला तर बँकेचं सगळं जाईल," असं म्हणून त्यानं अपग्रेड लावून दिलं. मला विचारलं असं नाही, पण मी नाही म्हटलं असतं असंही नाही. तो पुण्याला गेला आणि चार बटणं इकडची तिकडं झालेला तो पडदा माझ्याकडे राहिला. एक गोष्ट मात्र जुनीच राहिली होती. पडद्यावर मागं लावलेला फोटो, दादा काखेत कोकरू धरून उभा असलेला.

दिवाळीनंतर दादा लेण्याद्रीला आला तेव्हा लंगडत होता. गुडघे आधीपासून कुरकुरत होतेच. त्याचा एक मुलगा टेम्पो चालवतो, दुसरा पोल्ट्रीत कामाला आहे. मेंढरांमागं यायला दोघंही तयार नाहीत. त्याचं दादाला काही वाटत नव्हतं. "त्यांनी तरी का मरावं उन्हातान्हात," म्हणायचा.

मी स्कूटर घेऊन मढपर्यंत त्याच्याबरोबर राहिलो. पुढं जाऊन थांबायचो, मेंढरं आली की फोटो काढायचो. मढला पोचल्यावर दादा रस्त्याकडेला बसला तो बसलाच. पाय सरळ करून गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, घाट उतरायचं आता न्हाई व्हत. हितंच इकून टाकतो."

"पोरांना विचार तरी," मी म्हणालो.

"त्यांना काय इचारायचं? त्यांनी कवाच इकली, मनात."

मढमध्येच व्यापाऱ्याशी बोलणं झालं. टेम्पो आले. मेंढरं वर चढेनात, तर दादानं नेहमीची हाळी घातली आणि ती त्याच्या आवाजावर सरळ टेम्पोत चढली. त्याचेही मी फोटो काढले. काढू नयेत असं वाटत होतं, पण दादाच म्हणाला, "काढ. आन् एक मोठा करून दे मला. भित्तीला लावतो."

घरी येऊन कार्ड फटीत घातलं. आवाज नाही, खिडकी नाही. काढून परत घातलं. फडक्यानं पुसलं, सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवलं, फटीत फुंकर मारली. कार्ड कॅमेऱ्यात घातलं की त्याच्या छोट्या काचेवर फोटो दिसायचे, म्हणजे कार्डात दोष नव्हता. लॅपटॉप बंद करून चालू केला. पूर्वी कार्डाची जागा जिथं दिसायची, तिथं आता काहीच नव्हतं, जणू त्या लॅपटॉपला तशी फट कधी नव्हतीच.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "डिव्हाइस मॅनेजर उघडा."

"ते कुठं असतं?"

"खाली कोपऱ्यात राईट क्लिक करा, पप्पा. राईट. उजवं बटण."

उजवं बटण म्हणजे राईट हे मला कळतं. त्यानं सांगितलं ते उघडलं, तर एका नावापुढं पिवळा त्रिकोण दिसला. ते सांगितल्यावर म्हणाला, "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे कार्ड रीडर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. जाऊ दे, मी बाहेरून लावायचा रीडर ऑनलाइन पाठवतो." मी वाट बघितली. रीडर काही आला नाही. बाजारपेठेत कुठल्याही दुकानात तो मिळाला असता, पण तो पाठवतो म्हणालाय आणि आपण घेतला तर त्याला वाईट वाटेल, असं मला वाटत होतं. मी तेव्हा असा विचार करायचो.

इकडं लोणीहून दादाचा फोन यायचा. "झाला का रं फोटू?" मी म्हणायचो, "मशीन बिघडलंय, होईल." शेवटी मुलाला पुन्हा फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. जेवणाच्या सुट्टीत मीच इथून तुमचा स्क्रीन घेतो."

दुपारी त्याचा फोन आला. पडद्यावर आलेला नंबर मी त्याला वाचून दाखवला आणि बाण आपोआप हलायला लागला. मोबाइल स्पीकरवर टेबलावर ठेवला होता. बायको शेजारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्या लॅपटॉपवर खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि मी हात मांडीवर ठेवून बघत होतो. नवा ड्रायव्हर शोधायला लावला, तर सगळ्यात योग्य ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे असं उत्तर आलं. मुलगा वैतागला. "पप्पा, दोन मिनिटं थांबा, मी म्यूट करतो," म्हणाला. त्यानं बटण दाबलं असेल, पण ते लागलं नव्हतं.

पडद्यावर सगळ्या खिडक्या खाली गेल्या आणि मागचा फोटो मोकळा झाला. तेवढ्यात तिकडं दुसरा एक आवाज आला. त्याच्या ऑफिसातला कुणी तरी असावा. "हे कोण रे? तुमच्याकडे मेंढ्या आहेत?"

"छे," माझा मुलगा म्हणाला. "गावातला कुणी तरी आहे. पप्पांना फोटो काढायचा नाद आहे, काढत फिरतात असल्या लोकांचे."

"म्हणजे तुमची शेती का?"

"हो, बागायत आहे आमची."

लोणीला आमचा जिरायतीचा एक तुकडा आहे. पाऊस पडला तर त्यात बाजरी होते. बायकोचे हात शेंगांवर थांबले होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तो दुसरा आवाज काही तरी बोलून हसला, मुलगाही हसला. मग त्याचा आवाज जवळ आला. "हां पप्पा, आहात ना? एक रीस्टार्ट करून बघू."

"राहू दे आता," मी म्हणालो. "लाइट गेली."

लाइट गेलेली नव्हती. फ्रिजचा आवाज त्यालाही ऐकू जात असणार. मी मोबाइल बंद केला आणि भिंतीवरच्या वायफायच्या डबीचं बटण बंद केलं. पडद्यावरचा बाण होता तिथं थांबला.

बायको म्हणाली, "दमलेला असतो तो. ऑफिसात सगळ्यांपुढं काय घरची कथा सांगत बसणार?"

"त्यात कथा काय? माझा चुलता आहे म्हणायचं. दोन शब्द."

"तुम्ही मनाला लावून घेता." ती पुन्हा शेंगा सोलायला लागली, पण सोललेले दाणे टरफलांत टाकत होती.

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात उशीर झाला की एक साहेब विचारायचा, "काय, मेंढरं कुणावर सोपवून आलात?" सगळे हसायचे. मला राग यायचा, पण मेंढरं आमची नाहीत असं मी एकदाही म्हणालो नाही. तोंडावर टोचून बोलणाऱ्या साहेबापुढं जे मला बोलावंसं वाटलं नाही, ते माझ्या मुलानं कुणी न टोचता, सहज, डबा खाता खाता म्हणून टाकलं. दादाच्या पाठीवरून दवाखान्यात गेलेला पोरगा.

त्यानंतर मी बाहेरचा रीडर आणला नाही आणि मुलालाही फोन केला नाही. हट्ट म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन लॅपटॉपपुढं बसलो आणि तो पिवळा त्रिकोण काय म्हणतो ते इंग्रजीतून एक एक शब्द लावत वाचलं. इंटरनेटवर माझ्यासारखेच अडलेले बरेच जण होते. कुणी सांगत होता मागचा ड्रायव्हर परत आणा, पण ते बटण माझ्याकडे दाबलंच जात नव्हतं. मग लॅपटॉप उलटा करून खालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर भिंगातून वाचला. त्यावरून जुन्या सिस्टीमसाठीचा ड्रायव्हर सापडला. तो बसवला, काही फरक पडला नाही. कुणी तरी लिहिलं होतं, आधीचा मुळापासून काढून टाका, लॅपटॉप बंद करून चालू करा आणि मगच जुना बसवा. तसं केलं. त्रिकोण गेला. तरी कार्ड दिसेना. तेव्हा कळलं की रीडरला नव्या सिस्टीमनं अक्षरच दिलेलं नाही. प्रत्येक डिस्कला एक अक्षर असतं, ते आपण नेमून द्यायचं. शोधत शोधत ती जागा सापडली. तिथं फॉरमॅटचं बटण शेजारीच होतं. तिथून बोट लांब ठेवून एक अक्षर दिलं.

बारीक आवाज झाला. खिडकी उघडली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसता बसून राहिलो. फोटो एकामागून एक येत गेले. लेण्याद्रीच्या पायथ्याच्या रानात वाघर लावताना दादा, त्या जाळीच्या कुंपणाआड दाटलेली मेंढरं, मढच्या रस्त्याकडेला पाय पसरलेला दादा, टेम्पोच्या फळीवर चढणारी पाठमोरी रांग. बायको मागं येऊन उभी राहिली. "झालं वाटतं," म्हणाली आणि बराच वेळ तिथंच थांबली.

लेण्याद्रीच्या रानातला, मेंढरांमध्ये उभ्या असलेल्या दादाचा फोटो मोठा करून, काच लावून मी लोणीला नेला. मेंढरं कोंडायच्या वाडग्याची जागा मोकळी होती, लेंड्या तेवढ्या होत्या. दादानं फोटो दोन्ही हातांनी लांब धरला, मग जवळ घेतला. एकेका मेंढीवर बोट ठेवत राहिला. ही लई वांड व्हती, ही म्हातारी झाली व्हती, ह्या काळीला दोनदा बिबट्यानं धरली पण जगली. सगळ्या सांगून झाल्यावर म्हणाला, "पोराला दाखिवला का?"

"दाखवला."

"काय म्हनला?"

"चांगला आलाय म्हणाला."

"त्याला बी एक करून दे. पुन्याच्या घरात लावल. म्हनावं, चुलत्यानं दिलाय."

मी बरं म्हणालो. दुसरी प्रत केली, तशीच काच लावून, आणि कपाटावर ठेवली. मुलगा पुढच्या खेपेला घरी आला, तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडून बघितला. "अरे, रीडर चालू झाला? कसा काय?"

"झाला."

"बघा, जमतं की तुम्हाला. उगाच घाबरता." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी कपाटावरचा फोटो काही त्याला दिला नाही. तो गेल्यावर बघितलं तर कपाटावर फोटो नव्हता. बायकोनं तो त्याच्या गाडीत ठेवला होता, जुन्या साडीत गुंडाळून, दादाचा निरोप सांगून.

नंतर आम्ही दोघं त्याच्याकडे पुण्याला गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही, कसली तरी रंगीत चित्रं. मी सोफ्यावर बसून राहिलो. बायको पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, मग झोपायच्या खोलीत गेली, मग गॅलरीत कपडे वाळत घातलेत का बघून आली. परत आली आणि माझ्याशेजारी बसली. जेवताना मुलगा दादाची चौकशी करत होता, काकांचे गुडघे कसे आहेत, ऑपरेशन करून घ्या म्हणावं. चांगला बोलत होता.

परतीच्या एसटीत नारायणगाव आल्यावर बायकोनं खिडकीची काच सरकवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भाड्याच्या घरात खिळे मारू देत नाहीत."

ते घर त्यानं विकत घेतलेलं आहे. वास्तुशांतीला आम्हीच पूजेला बसलो होतो. मी हो म्हणालो.