ते वन भिडे सरांचं नव्हे

“पुढच्या पावसाळ्यात चेअरमन बघायला येणार. तोवर माळ हिरवा दिसला पाहिजे,” सावंत साहेब म्हणाले.

“साहेब, वर्षभरात झाडं कुठली होतात?”

“मग तुमची बी.एस्सी. अ‍ॅग्री काय लॉन कापायला ठेवलीय?”

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत मी गार्डन सुपरवायझर होतो, सावंत आमचे मॅनेजर. कंपनीच्या वासाबद्दल लोकांची ओरड वाढली होती. म्हणून ठाण्याला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात झाडं लावायचं ठरलं. येऊरच्या बाजूचा एक माळ आम्ही मागितला.

परवानगी मिळेना. ती मिळाली भिडे सरांमुळे. सर डोंबिवलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि रविवारी मुलांना त्या रानात फिरवायचे. रेंजर, म्हणजे तिथला वनाधिकारी, त्यांचा शब्द मानायचा. मी सरांच्या घरी गेलो.

“माळावर झाडं कशाला?” सर म्हणाले. “मोकळी जमीन दिसली की तुम्हा लोकांचे हात शिवशिवतात. अहो, ती रिकामी नाही. सप्टेंबरात या, सोनकीने पिवळी झालेली असते. चितळं तिथेच चरतात. दाट झाडीत त्यांना गवत कोण वाढणार, तुमचे साहेब?”

“सर, फक्त कडेने लावू. मधलं गवत तसंच ठेवू. आणि झाडं इथलीच. ऐन, मोह, आवळा.”

“नक्की?”

“शब्द देतो.”

सर रेंजरशी बोलले. काम झालं.

आता अडचण अशी की ऐन आणि मोह हळू वाढतात. सुरुवातीला तर रोप गवतात शोधावं लागतं. आणि आमच्या कामाचं माप एकच, सर्व्हायव्हल, म्हणजे लावलेल्यांतली जगली किती. त्यात गिरिपुष्पाचा हात धरणारं झाड नाही. मूळचं परदेशी. नुसती कांडी खोचली तरी फुटते. पाल्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. हे सगळं मी साहेबांना हौसेने सांगितलं. “तोडलं तरी खालून परत फुटतं, साहेब,” असंही म्हणालो.

“मग अख्ख्या माळावर हेच लावा.”

“सरांना कडेचं सांगितलंय.”

“पगार सर देतात का तुम्हाला?”

पाऊस लागल्यावर आंबिवलीच्या नर्सरीतून ट्रक भरून कांड्या नेल्या. सरांना कळवलं नाही.

काही रविवारांनी सर मुलांना घेऊन आले आणि माळाच्या तोंडाशीच थांबले.

“सर, गवत कुठंय?” एका मुलीने विचारलं.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, “रेंजरला मी आता काय सांगू?”

“वरून ऑर्डर होती, सर.”

ते मुलांना घेऊन उतरून गेले.

चेअरमन आले, खूश झाले. सावंत साहेबांनी तिथे भिडे सरांच्या नावाची पाटी लावली. “त्यांच्यामुळेच तर जागा मिळाली,” म्हणाले. नव्वदच्या दशकात सावली इतकी दाटली की खाली गवत उरलं नाही, सोनकी उरली नाही. चितळं यायची थांबली. रेंजरने सरांशी बोलणं टाकलं. सरांनी त्या बाजूला जाणं सोडलं. माझं नाव मात्र त्यांनी कुणापाशी काढलं नाही. तसेच गेले.

मध्यंतरी नातीबरोबर तिथल्या नेचर ट्रेलला गेलो होतो. वाट दाखवणारी तरुणी त्या गंजलेल्या पाटीपाशी थांबली. “हा डोंबिवलीच्या एका मास्तरांचा पराक्रम. उत्साह दांडगा, समज शून्य.”

सगळे हसले. माझी नातही हसली.

मी तोंड उघडेपर्यंत मंडळी पुढे गेली होती. परत येताना मी त्या तरुणीला गाठलं.

“ही झाडं मी लावली. मास्तर नको म्हणत होते.”

“मग त्यांचं नाव कसं काका?”

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माझं सांत्वन वगैरे केलं नाही, ते बरंच झालं. पुढच्या रविवारी तिच्या ग्रुपने आधी पाटी उतरवली. पण पाटी वाचून गेलेले लोक आता कुठे शोधायचे? म्हणून हे लिहून ठेवतोय.

गवत परत यावं म्हणून तिच्या ग्रुपची मंडळी तिथलं गिरिपुष्प तोडतात. मीही जातो, फांद्या ओढण्यापुरता. पाऊस पडला की बुंध्यांना पुन्हा धुमारे येतात. सर्व्हायव्हल उत्तम आहे.