रूथच्या लग्नाची तिसरी पुकार

रूथच्या लग्नाला हरकत घ्यायला मी भर चर्चमध्ये उभा राहिलो होतो.

ज्या बाईनं त्या दिवशी मला सांभाळलं, ती आज सकाळी गेली.

सुवार्ता मावशी. रूथची आई. माझी सख्खी मावशी नव्हे, पण छावणीतल्या आमच्या चर्चच्या मंडळीतली सगळी पोरं तिला मावशीच म्हणायची. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवर जेवढी वर्षं ओढता आली तेवढी ओढली.

आमच्यात साक्ष देतात. म्हणजे उपासनेत उभं राहून, देवानं माझं काय भलं केलं ते सांगायचं. नोकरी लागली, ताप उतरला, पोरगं पास झालं.

मावशीनं आम्हा तरुणांसाठी नियमच उलटा केला होता.

स्वतःची साक्ष द्यायची नाही. बाकावर शेजारी जो बसलाय त्याची द्यायची. त्याच्यात काय वाढलं ते सांगायचं आणि त्याच्यासाठी देवाचे उपकार मानायचे.

एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, ह्याचं फक्त पोट वाढलंय."

"मग पोटासाठी उपकार मान. पण नीट बघ येड्या, अजून कायतरी असंल."

ती म्हणायची, बायबलातले थेस्सलनीका शहरातले ते पहिले विश्वासणारे बघा. नवेनवे होते, मार खात होते, शिकवणाऱ्याला तर गावातून पळवून लावलेलं. तरी त्यानं त्यांना लिहिलेल्या पत्रात देवाचे उपकार कशाचे मानले? त्यांचा विश्वास वाढतोय आणि एकमेकांवरची माया वाढतेय, ह्याचे. घरादाराचे नाय.

मी म्हटलं, "लई लांबची गोष्ट झाली ही."

"लांब कुठं? पाचोडच्या अलीकडंच आहे थेस्सलनीका."

मग तिनं आपल्या गावाचं सांगितलं. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा तिच्या आईबापांनी बाप्तिस्मा घेतला. गावात विश्वासणाऱ्यांची मोजकी घरं. विहिरीवर येऊ देत नव्हते, मयताला खांदा देत नव्हते. बाहेर कुणी नाव घेऊन हाकसुद्धा मारत नव्हतं. म्हणून संध्याकाळी दार लावून ही माणसं एकमेकांबद्दल चांगलं बोलायची. मोठ्यानं. नाव घेऊन.

"नायतर माणूस आतून संपतं रे," मावशी म्हणाली.

आता रूथ.

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलेलं. काम नाही, डोकं कायम गरम. आणि त्या डोक्यात फक्त रूथ. तिचं लग्न लासूर स्टेशनच्या आमोसशी ठरलं, तेव्हा औरंगपुऱ्यात भर गर्दीत मी तिची स्कूटी अडवली.

"घरच्यांनी प्रेशर टाकलं ना?"

"नाय. मीच हो म्हटलंय."

"मी काय वाईट आहे?"

"तू वाईट नायस रे. मला तो आवडतो. सोड हँडल."

मी हँडल सोडलं. बाकी काहीच सोडलं नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, ह्या लग्नाला कुणाची हरकत आहे काय? कुणी काही बोलत नाही. सगळे पंख्याकडं बघतात.

तिसऱ्या रविवारी मी उभा राहिलो.

काय बोलणार होतो, माहीत नाही. ती माझी आहे, असलं काहीतरी. तिचं लग्न मोडलं असतं, नाव खराब झालं असतं. मला त्या क्षणी तेच पाहिजे होतं.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "खाली बसवा त्याला."

मावशी पुढच्या बाकावर होती. सुयांनी काळानिळा झालेला हात वर करून म्हणाली, "थांबा. बोलू द्या."

मग माझ्याकडं वळली.

"बोल बाळा. साक्ष द्यायचीय ना? शेजारी कोण बसलंय बघ, आणि बोल."

शेजारी आमोस होता, मला तेव्हाच दिसला. लासूरहून यायला उशीर झाला म्हणून गुपचूप मागच्या बाकावर येऊन बसलेला. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

त्याच्यावर डूख धरून मी महिनाभर त्याच्या मागावर होतो. कुठंतरी सापडेल, दारू, दुसरी पोरगी, काहीतरी. हॉस्पिटलच्या जिन्यातून पण बघितलं होतं त्याला.

तोंडातून एवढंच निघालं.

"हा मावशीची उलटी ओंजळीत धरतो. भांडं आणायला पण थांबत नाही. मी बघितलंय."

आणि मी बसलो.

कुणीतरी हळूच आमेन म्हणालं. आमोस खाली मान घालून बसला होता. रूथनं मागं वळून बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "दातओठ खात दिलीस, पण दिलीस."

"माझा राग गेला नाही, मावशी."

"राहू दे. खोटं बोललास का?"

"नाय."

"मग बस झालं."

लग्न झालं. मी गेलो नाही.

आज कबरस्तानात गेलो. पेटीला पुढं एका बाजूला आमोस होता. दुसरी बाजू मी धरली. पेटी लई हलकी होती. आजारानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

माती देऊन निघालो तर रूथ म्हणाली, "जेवून जा."

आज एवढंच बोलली माझ्याशी.

शेजाऱ्यांनी डबे आणले होते. आमोसनं वाढलं. मी भात नुसता चिवडत होतो. त्यानं न विचारता वरण अजून घातलं. मी खाल्लं.

मित्रांनो, कमेंटमध्ये माझी समजूत घालू नका. रूथवरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. पण आज त्या घरातून उठताना मी आमोसला म्हटलं, "उद्या येतो. दारातला मांडव सोडायचाय, खुर्च्या परत द्यायच्यात."

तो म्हणाला, "ये. मी एकटाच आहे."

जाणार आहे मी.

मावशी, सलाम.